शिपिंग बिल हे बिल नव्हे : उद्यमबागेतल्या एक्सपोर्ट डेस्कवरून

बीकॉम झालो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनला लागलो, घरी पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी विचारलं, "एसबी झाला काय बघ गं." मी सरळ उठून अकाउंट्सला गेलो आणि म्हटलं एसबीआयचं काय काम होतं सरांचं. अख्खं ऑफिस हसलं. (मी मुलगी आहे, पण खानापूर-बेळगावकडं आम्ही पोरी पण आलो-गेलोच म्हणतो, टायपिंग मिस्टेक समजू नका.)

तर एसबी म्हणजे शिपिंग बिल, आणि त्यात कुणी कुणाकडं पैसे मागत नाही. माल देशाबाहेर न्यायचाय म्हणून कस्टम्सकडं केलेला तो अर्ज, आपला सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर भरतो. त्यावर एलईओ म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर पडली की माल सुटला. बाहेरून माल येताना भरतात ते बिल ऑफ एन्ट्री. आणि बिल ऑफ लेडिंग, ज्याला सगळे बीएल म्हणतात, ते कस्टम्सकडं भरायचं नसतंच, ती जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती, आणि ऑर्डर बीएल असलं तर ज्याच्या हातात ओरिजिनल त्याला माल. नावात तिन्हींच्या बिल, पण बिल एकही नाही, आता नावं ठेवणाऱ्याला काय म्हणायचं.

बीएलचा ड्राफ्ट मेलवर येतो, "प्लीज कन्फर्म". मी पहिल्यांदा संध्याकाळच्या बसच्या घाईत कन्फर्म म्हणून टाकलं आणि कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, नावात एक अक्षर कमी होतं. जहाज सुटल्यावर कळलं. मग करेक्शनची फी, तिकडच्या ग्राहकाची बँक पेपर घेईना, आणि आठ दिवस मी डबा पण नीट खाल्ला नाही. तेव्हापासून ड्राफ्ट प्रिंट काढून इन्व्हॉइसशेजारी ठेवतो आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो, शेजारचे चिडवतात, चिडवू देत.

सुरुवातीला मी फुल फॉर्मची वही केली होती, दीडशे शब्द, सगळे पाठ, उपयोग शून्य. मग डिस्पॅचचे एक मामा आहेत ते म्हणाले, "अक्का, वहीत काय बघूलालात, पॅलेटच्या मागनं फिरा की." फिरलो. (पॅलेट म्हणजे माल ज्यावर बांधतात तो लाकडी पाट.) आणि प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारायची सवय लागली : इथून पुढचं भाडं कोण देणार, आणि इथून पुढं माल फुटला तर कुणाच्या बोडक्यावर. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत हे कळायलाच मला तीन महिने गेले.

सीआयएफ घ्या, म्हणजे मालाच्या किमतीत इन्शुरन्स आणि समुद्राचं भाडं धरलेली विक्रीची अट. सीआयएफ हॅम्बुर्ग म्हटलं की नवीन माणसाला वाटतं हॅम्बुर्गपर्यंत सगळी जबाबदारी आपली. तर भाडं आपलं, इन्शुरन्स पण आपणच काढायचा, पण जोखीम मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात, म्हणजे उरणला, माल जहाजावर चढला की ग्राहकाची. म्हणजे वाटेत समुद्रात काय झालं तर क्लेम त्यानं करायचा, आपण काढलेल्या पॉलिसीवर. एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापुरती अट, त्यात जोखीम तिथंच सरकते, फक्त समुद्राचं भाडं आणि इन्शुरन्स त्याचा. आणि कंटेनर असला की एफओबीत एक गोची आहे, आपण कंटेनर टर्मिनलला आत सोडतो आणि जहाज चार दिवसांनी लागतं, तेवढे चार दिवस माल आपल्या हातात पण नाही आणि जोखीम मात्र आपली. म्हणून कंटेनरसाठी एफसीए, म्हणजे वाहतूकदाराच्या हाती माल दिला की जोखीम सरकते ती अट, वापरा असं इन्कोटर्म्सवाले, म्हणजे या अटींचे जागतिक नियम काढणारे, स्वतःच सांगतात, तरी आमच्याकडं सगळे एफओबीच लिहितात कारण आधीपासून तेच चालत आलंय. इन्कोटर्म्स 2020 मध्ये एकूण 11 टर्म्स आहेत, त्यातल्या एफएएस, एफओबी, सीएफआर, सीआयएफ या 4 फक्त पाण्याच्या वाटेच्या. विमानानं सॅम्पल पाठवताना इन्व्हॉइसवर एफओबी दिसलं तर समजायचं कुणीतरी जुनी फाइल कॉपी केलीय.

डिमरेज आणि डिटेन्शन यात मी सारखा गोंधळायचो. लग्नाला भाड्यानं आणलेली पातेली आठवा. कंटेनर म्हणजे जहाज कंपनीचं पातेलं. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त आपल्या घरी ठेवलं तर त्याचं भाडं ते डिटेन्शन. भरलेलं पातेलं कार्यालयाच्या हॉलमध्येच, म्हणजे बंदरातच, अडवून बसलं तर ते डिमरेज. फ्री डेज, म्हणजे जादा भाडं न लागणारे दिवस, किती हे बुकिंग करतानाच विचारून मेलवर घ्यायचं, फोनवर नको.

गावाकडं हमखास विचारतात, गोवा एवढ्या जवळ, चोर्ल्यातून उतरलं की आलं, मग माल पाचशे किलोमीटर उरणकडं का नेता? कारण मुरगाव बंदर मुख्यतः कोळसा, खनिज असल्या सुट्ट्या मालाचं, आम्हाला लागतात त्या कंटेनरच्या बोटी न्हावाशेवाला. त्यामुळं रस्त्यानं माल नेताना लागतं ते जीएसटीचं ई-वे बिल काढताना दर 200 किलोमीटरला एक दिवस धरून तीन दिवसांचं मिळतं, एरवी भरपूर. पण 2019 आणि 2021 च्या पावसात कोल्हापूरजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा गाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मुदत संपायच्या आधी 8 तास ते नंतर 8 तास यातच ई-वे बिल वाढवता येतं, आणि तिकडं बंदराचा कटऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, कुणासाठी थांबत नाही. कटऑफ चुकला की कंटेनर शटआउट, म्हणजे बोट गेली, माल राहिला.

कास्टिंगवाल्यांनी वजनाकडं बघायचं. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते पण बिडाच्या मालानं ती भरायच्या बऱ्याच आधी वजनाची मर्यादा येते. थोडा माल एलसीएलनं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवला तर घनमीटर आणि टन यातला जो आकडा जास्त भरेल त्यावर भाडं. आमचं एक पॅलेट 1.1 बाय 0.9 बाय 0.8 मीटर, म्हणजे 0.79 घनमीटर, पण वजन 1150 किलो, त्यामुळं पैसे 1.15 चे. मी पहिल्या कोटेशनला मापावरच हिशोब केला होता, सरांनी काही न बोलता लाल पेन पुढं केलं.

एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा वर्ग सांगणारा नंबर, मात्र पोर्टलवर शोधून स्वतः ठरवायला जाऊ नका. तेच बिडाचं ओतकाम, नुसतं कास्टिंग म्हणून 7325 मध्ये जाऊ शकतं आणि पंपाचा पार्ट म्हणून 8413 91 मध्ये, आणि त्यावरच तिकडची ड्युटी आणि इकडचा रॉडटेपचा, म्हणजे निर्यातीच्या मालावर भरलेले कर परत मिळायच्या सरकारी योजनेचा, दर ठरतो. ड्रॉइंग घेऊन सीएचएकडं बसायचं. रॉडटेप हवंय हे पण शिपिंग बिलातच सांगायला लागतं, मागनं आठवून उपयोग नाही.

आणि लाकूड. पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो, शेजारी आयएन आणि एचटी, म्हणजे हे लाकूड भारतात 56 डिग्रीला अर्धा तास तापवलंय, त्यात कीड नाही. परवाच लोडिंगला एक पट्टी मोडली आणि मामांनी पटकन शेजारच्या खोक्याची फळी ठोकली, मजबूत, एकदम फिट, पण शिक्का नाही. तेवढ्यासाठी तिकडच्या बंदरात अख्खा माल अडकू शकतो. गाडी सुरू होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, मी फळी काढायला लावली. मामा पुटपुटले, शिक्क्याची पट्टी शोधून आणली, ठोकली, आणि आता गाडी भरली की स्वतःच ओरडतात, "अक्का, कणीस बघून जावा!"