‘प्रभू बरं करणारच’ हा शब्द देऊ नका

रुग्णालयात चॅप्लन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा सेवक, म्हणून नव्यानं उभे राहताय, तर पवित्र शास्त्र आणि प्रार्थना तुम्हाला येतेच. चुकतं ते दुसरीकडे: आशा म्हणजे बरं होणं, असं आपण धरून चालतो.

खाटेवरच्या माणसाला ‘प्रभू बरं करणारच’ म्हटलं, की तो आणि तुम्ही एकाच रिपोर्टला बांधले जाता. रिपोर्ट वाईट आला की घरचे विचारतात, ‘आमचा विश्वास कमी पडला का?’ उत्तर सुचत नाही, मग चॅप्लन त्या वॉर्डाकडे फिरकत नाही. थकवा तिथून लागतो, जागरणानं नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायातला क्रम बघा: संकट, धीर, शील, मग आशा. पहिल्याच भेटीत ती हातावर ठेवता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी आशेत तीन गोष्टी पाहिल्या: ध्येय, तिथवरच्या वाटा आणि चालण्याची उमेद. म्हणून ध्येय लहान करा. ‘आज संध्याकाळपर्यंत काय झालं तर बरं वाटेल?’ एवढंच विचारा. कुणाला दोन तास झोप हवी असते, कुणाला कलबुर्गीच्या लेकीचा आवाज. सिस्टरशी बोला, फोन लावून द्या. एक वाट अडली तर दुसरी धरा. संध्याकाळी यातलं काही झालेलं असतं, आणि त्यावरच तुम्ही उद्या परत येता.

सोलापुरात कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे रुग्ण भेटतात. प्रत्येक भाषेतली चार वाक्यं शिका. नातेवाइकाला दुभाषी करू नका, तो वाईट तेवढं गाळतो. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, विचारल्याशिवाय प्रार्थना नको.

भेटीतला संवाद त्याच दिवशी, नाव न घालता, शब्दशः लिहा. अँटन बॉइसन यांनी 1925 मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या प्रशिक्षणातून वाढलेल्या सीपीईत (क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे चॅप्लनचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) हाच सराव असतो. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही, हे माझं ठाम मत. आणि ‘आणखी प्रार्थना करा’ एवढंच सांगणाऱ्या वडीलधाऱ्यापेक्षा तो लिहिलेला संवाद वाचून ‘इथं तुम्ही विषय का बदललात?’ असं विचारणारा शोधा.

रडू आलं तर घाबरू नका. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

रुग्ण गेला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी त्याच वॉर्डात जा आणि शेजारच्या खाटेपाशी बसा. दोन दिवस टाळलंत, तर तिसऱ्या दिवशी पाय उचलत नाही.