पोर्टेबल सिस्टिमला सब जोडताय? या चुका टाळा

सब म्हणजे सबवूफर, फक्त बेस वाजवणारा स्पीकर. तो जोडला, गाणं लावलं आणि बेस मनासारखा आला नाही, की पहिला हात जातो सबच्या लेव्हल नॉबवर. तेवढ्याने भागलं नाही तर मिक्सरवरचा लो वाढतो, आणि थोड्या वेळात लिमिटरचा (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या सर्किटचा) लाल दिवा पेटलेलाच राहतो. हे इतक्यांदा पाहिलंय की आता कळकळीने सांगतो: बेस कमी वाटला तर आधी तो जातोय कुठे ते शोधा. नॉब कुठे पळून जात नाही.

दोन सब एकमेकांना खातात

एका हॉलमध्ये कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मला बोलावलं. दोन टॉप (आवाज आणि वरचे सूर वाजवणारे मुख्य स्पीकर), दोन सब, स्टेजच्या दोन टोकांना एकेक. डाव्या सबजवळ उभा राहिलो तर छातीत धडधड. उजव्याजवळही तेच. मधल्या रांगेत येऊन उभा राहिलो तर किक ड्रम म्हणजे कुणीतरी पुठ्ठ्याचा खोका बडवतंय. सिस्टिम लावणाऱ्या मुलाने दोन्ही सब फुल केले होते आणि एकातून तापलेल्या कॉईलचा वास यायला लागला होता.

मी त्याला म्हटलं, उजव्या सबची केबल काढ.

"दादा, आधीच बेस नाहीये, त्यात अजून एक बंद करू?"

काढली. मधल्या रांगेतला बेस एकदम भरून आला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

ती केबल घरी सोल्डर केलेली होती. कनेक्टर उघडला तर एका टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिना अदलाबदल झालेल्या. म्हणजे उजवा सब उलट्या पोलॅरिटीवर चालत होता. डाव्याचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पुढे आला की उजव्याचा मागे. दोघांपासून सारख्या अंतरावर, म्हणजे नेमकं जिथे लोक बसतात तिथे, दोन्ही लाटा एकमेकींना पुसून टाकतात. अशा वेळी लेव्हल वाढवली तर पुसलं जाणंही तेवढंच वाढतं. वाढते ती फक्त कॉईलची उष्णता. त्या सबने कार्यक्रम कसाबसा काढला, पण नंतर त्याचा आवाज खरखरायला लागला आणि कोन बदलावाच लागला.

तेव्हापासून माझी सवय अशी: दोन्ही सब आधी शेजारी-शेजारी ठेवतो. एक चालू करतो, मग दुसरा. दुसरा चालू होताच बेस स्पष्ट वाढलाच पाहिजे. हिशेबाने ही वाढ ६ डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे कान देऊन ऐकायचीही गरज पडत नाही. घटला किंवा होता तेवढाच राहिला, तर पोलॅरिटी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. जागा असेल तर सब तसेच एकत्र मध्यभागी राहू देतो. दोन टोकांना ठेवले की पोलॅरिटी बरोबर असूनही हॉलमध्ये बेसचे पट्टे पडतात, एका खुर्चीवर भरपूर आणि चार खुर्च्या सोडून काहीच नाही. दोन टोकांचे सब फोटोत छान दिसतात, हे त्यासाठी पुरेसं कारण नाही.

टॉप फुल रेंज सोडणं

ही माझ्या मते सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि घाईचीच. सब आला म्हणजे टॉपच्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं. पण केबल सबच्या 'थ्रू'मधून काढून टॉपला लावली की टॉपला पूर्ण सिग्नल जातो. मग ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात सबही वाजतो आणि टॉपही. तिथे एक तर फुगवटा येतो आणि निवेदकाचा आवाज घशात अडकल्यासारखा होतो, नाही तर फेज जुळत नाही, म्हणजे दोघांच्या लाटा एकत्र वर-खाली होत नाहीत, आणि खड्डा पडतो. बऱ्याच अ‍ॅक्टिव्ह सबवर हाय-पास केलेला, म्हणजे खालचा बेस गाळलेला, वेगळा आउटपुट असतो. टॉप त्यालाच जोडा.

याच्या उलटही होतं. सबचा हाय-पास आउटपुट वापरला आणि वर टॉपच्या पाठीमागचा सबसाठीचा स्विचही दाबला. एक २४ डेसिबल उताराचा लिंकविट्झ-रायली फिल्टर क्रॉसओव्हरच्या, म्हणजे सब आणि टॉप जिथे काम वाटून घेतात त्या, फ्रिक्वेन्सीला ६ डेसिबल खाली असतो. असे दोन एकावर एक बसले की टॉप तिथे १२ डेसिबल खाली जातो. फिल्टर एकाच ठिकाणी लावा.

क्रॉसओव्हर बसला की त्याच फ्रिक्वेन्सीचा सलग सूर लावून सबचा ०/१८० (पोलॅरिटी उलटवणारा) स्विच दोन्हीकडे करून ऐका आणि ज्या बाजूला आवाज मोठा येतो ती ठेवा. मी हे प्रेक्षकांच्या जागेवरून ऐकतो, एक जण स्विचजवळ उभा करून. दोन्हीकडे फारसा फरक पडत नसेल तर अंतर गडबडलंय. ८० हर्ट्झची लाट साधारण ४.३ मीटर लांब असते, म्हणजे सब टॉपच्या १ मीटर पुढे असला तर पाव लाटेचा फरक पडला. डीले (आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय) असेल तर पुढच्या सबला दर ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद द्या. नसेल तर सब उचलून मागे सरकवा. जड असतो, तरीही सरकवा.

लेव्हल लावायची माझी रीत सरळ आहे. सब पूर्ण खाली. ओळखीचं एकच गाणं, कार्यक्रमात ठेवणार तेवढ्याच आवाजात. मग सब हळूहळू वर, आणि 'सब वाजतोय' असं वेगळं जाणवलं की किंचित मागे. आता सब म्यूट करा. गाण्याच्या पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटलं पाहिजे, पण गायकाचा आवाज होता तसाच राहिला पाहिजे. तोही बदलला तर क्रॉसओव्हर फार वर आहे.

कार्यक्रमाच्याच आवाजात का, तर कमी आवाजात आपल्या कानाला बेस मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. दुपारी हळू आवाजात नीट लावलेला बेस संध्याकाळी फेडर वर गेले की बोजड होतो.

बोलण्याचे माइक सबमध्ये पाठवू नका. चॅनेलवर १०० हर्ट्झचा हाय-पास दाबा.

५० हर्ट्झला ६ डेसिबल बूस्ट म्हणजे तिथे अ‍ॅम्पकडे चौपट पॉवर मागणं. छोट्या सबकडे ती नसते.

साउंड मीटर 'ए' वेटिंगवर ठेवून बेस मोजू नका. ६३ हर्ट्झला तो सुमारे २६ डेसिबल कमी दाखवतो. 'सी' वापरा.

आणि मिक्सर मागच्या भिंतीला टेकवू नका. भिंतीजवळ बेस साचतो, तिथे बसलेला ऑपरेटर तो कमी करतो आणि समोर बसलेल्या सगळ्यांचा बेस जातो. जागाच नसेल तर निदान प्रत्येक बदलानंतर हॉलच्या मध्यापर्यंत चालत जा, एक पूर्ण कडवं उभं राहून ऐका आणि मगच फेडरला हात लावा.