परदेशातून सायकल घेऊन गोव्यात उतरताय? या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की आमच्या म्हापशाच्या घराच्या ओसरीवर पुठ्ठ्याचे लांबडे खोके यायला लागतात. कोणाचा मुलगा लंडनहून आलेला, कोणाची सून दोह्याहून. सगळ्यांना गोव्यात उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण-देवगडपर्यंत सायकल चालवायची असते. खोके उघडायला हाताशी मी असतो. चुका दरवर्षी त्याच, आणि त्यापायी वर्षभर साठवलेली रजा वाया जाताना बघून मला फार वाईट वाटतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

हँगर न तपासता निघणं

मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला थेट बसवलेला नसतो. मध्ये ॲल्युमिनियमचा अंगठ्याएवढा तुकडा असतो, तो हँगर. मार बसला तर फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवतात. खोका उजव्या कुशीवर आपटला आणि वर चार जड बॅगा पडल्या की हँगर दोन-तीन मिलिमीटर आत वळतो. सपाटीवर चालवताना काही जाणवत नाही.

माझा भाचा जर्मनीहून आला तेव्हा हेच झालं. मोपा विमानतळावर पहाटे तीनला उतरला, घरी येऊन तासाभरात त्याने सायकल जोडलीसुद्धा. मी म्हटलं, "अरे, आज झोप, उद्या बघू." तर म्हणाला, "मामा, बाराच दिवस आहेत. आजच चोर्ला घाट करू." मी अडवायला हवं होतं. साखळी, केरी, अंजुणे धरण, तिथवर सगळं सुरळीत. घाट चढायला लागल्यावर एका वळणावर त्याने चेन सगळ्यांत मोठ्या चक्रावर टाकली आणि कड्कन आवाज आला. वाकलेल्या हँगरमुळे डिरेलर आधीच आत झुकला होता, तो सरळ स्पोकमध्ये शिरला. हँगरचे दोन तुकडे, दोन स्पोक गेले, डिरेलरची छोटी चाकं धरणारा पिंजरा पिळवटला. बेळगावहून भाजी घेऊन येणाऱ्या एका टेंपोवाल्याने आम्हाला कोबीच्या पोत्यांशेजारी बसवून खाली आणलं. तसला हँगर म्हापशात नाही, पणजीत नाही, मडगावात नाही. कुरिअरने आला तो नवव्या दिवशी.

अलीकडच्या बऱ्याच सायकलींना यूडीएच नावाचा एकच हँगर चालतो, पण जुन्यांना मॉडेलगणिक वेगळा लागतो. म्हणून आपल्या सायकलीचे दोन जादा हँगर जवळ ठेवा. वजन काहीच नाही. खोक्यात भरताना डिरेलर हँगरवरून सोडवा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळा आणि चेनसकट फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बांधून टाका. फक्त पुठ्ठ्याची घडी घालून "चालेल" म्हणणारे खूप बघितलेत. नाही चालत. जोडून झाल्यावर सायकलीच्या मागे उकिडवे बसा आणि एक डोळा मिटून बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं आणि वरचं दातेरी चक्र एका उभ्या रेषेत दिसायला हवीत. खालचं चाक स्पोककडे कललेलं दिसलं तर घाटाचं नाव काढू नका, आधी दुकान गाठा.

विमानतळावरच सायकल जोडणं

व्हिडिओ बघून आलेल्या नवशिक्यांना याची फार हौस असते. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाचे हात धड चालत नाहीत. वॉशर घरंगळतो, पेडल तिरकं बसतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे झोपेत आठवत नाही आणि क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे आटे कायमचे जातात. मी सकाळी ओसरीवर जुनी पांढरी चादर पसरतो आणि तिच्यावरच सगळं सोडतो. तांबड्या मातीत पडलेला स्क्रू सापडत नाही, चादरीवर लगेच दिसतो.

हँडल बसवताना क्रम चुकवू नका. आधी हँडलच्या दांड्यावरच्या टोपीचा बोल्ट बेताने आवळून पुढचं चाक धरणाऱ्या काट्याचा खडखडाट घालवायचा, मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट घट्ट करायचे. उलट केलं तर पुढचं सगळं ढिलं राहतं आणि उतारावर ब्रेक मारला की हादरे बसतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सारा, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला जाऊन पॅड चिकटतात. सीटच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

दोन विमानतळांचा घोळ

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचं दाबोळी, कोड जीओआय. आणि पेडण्यातलं मोपा, कोड जीओएक्स, जे ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. दोघांत रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर अंतर. तिकीट काढताना "गोवा" एवढंच वाचून लोक मोकळे होतात. मग मुक्काम काणकोणात आणि विमान मोपाला, म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा ओलांडायचा, तोही दीड मीटर लांब खोका घेऊन. उत्तरेला सिंधुदुर्गात जायचं तर मोपा, दक्षिणेला कारवारकडे जायचं तर दाबोळी, हे आधी ठरवा. परतीचं विमानही त्याच विमानतळावरून घ्या, कारण रिकामा खोका जिथे ठेवलात तिथेच परत यावं लागतं. साध्या टॅक्सीत तो मावत नाही. मागची सीट आडवी होणारी मोठी गाडी किंवा पिकअप आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

सामानात काय आणू नये

सॅटेलाइट फोन आणि गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. युरोपात डोंगरात जाणारे ती सहज बाळगतात, त्यामुळे कोणाच्या डोक्यातही येत नाही. गोव्याच्या विमानतळावर यावरून परदेशी पाहुण्यांना अटक झालेली आहे. ती घरीच ठेवा.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. इलेक्ट्रिक सायकल आणायचा विचार सोडा, १६० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि या सायकलींची त्याहून बरीच मोठी असते. टायरची हवा कमी करा, बहुतेक विमान कंपन्या तसं सांगतातच.

पहिल्याच दिवशी लांब पल्ला

झोप झालेली नसते, अंगाला दमट हवेची सवय नसते, आणि युरोपातल्या बहुतेक देशांतून आणि आखातातून आलेल्यांचं डोकं रस्त्याच्या उजव्या बाजूला असतं. चौकात वळताना पाय आपोआप चुकीच्या बाजूला नेतात. पहिल्या दिवसासाठी माझी एक ठरलेली फेरी आहे, तीसेक किलोमीटरची. सकाळी सातला म्हापशाहून पोंबुर्पा, तिथून फेरीबोटीने चोडण. बोटीच्या लोखंडी फळीवर ओल असते, तिथे उतरून चाला. चोडणात खाजनाच्या, म्हणजे भरतीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांच्या, कडेकडेने सपाट रस्ता, वाहनं तुरळक. डावी बाजू अंगवळणी पडायला याच्यासारखी जागा नाही. पुन्हा फेरीबोट, रायबंदर, मग पणजीपर्यंतचा तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला बांध. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा पणजीहून बेतीलाही फेरीबोटच घ्या.

बेतीहून पर्वरीचा चढ लागतो. तिथे एकेक करत सगळे गिअर टाकून बघा, मोठ्या चक्रावर हलक्या पायाने. काही करकरलं तर थांबा, खाली उतरा आणि मागे बसून हँगर पुन्हा बघा. म्हापसा तिथून जवळ आहे, दुकानं उघडी असतात, आणि मीही घरीच असतो.