असोसिएशनची नवी कमिटी झालात? आधी हे वाचा

मी आमच्या मेकॅनिकल डिपार्टमेंटच्या विद्यार्थी असोसिएशनची फॅकल्टी को-ऑर्डिनेटर. म्हणजे तुमच्या प्रत्येक पत्रावर एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) आधी सही करणारी आणि कार्यक्रम संपला की सेमिनार हॉलच्या किल्लीसाठी फोन करणारी बाई. नवी कमिटी आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, टी-शर्ट कुठल्या रंगाचे?" टी-शर्टचं दिवाळीनंतर बघू. आधी काम काय आहे ते समजून घ्या.

टाइमटेबलात जे बसत नाही ते वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला शिकवायचं, एवढ्यासाठी असोसिएशन आहे. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती कमी-जास्त चालेल ते, लिहायचं राहिलं तर कारखान्यात काय ऐकून घ्यावं लागतं, ते बीईच्या (शेवटच्या वर्षाच्या) मुलीला इंटर्नशिपमध्ये कळलेलं असतं. एसईच्या (दुसऱ्या वर्षाच्या) पोरांना ते कळायला त्यांची स्वतःची इंटर्नशिप का उजाडावी? गेस्ट लेक्चर, क्विझ, पोस्टर स्पर्धा खुशाल करा, पण प्रत्येक वेळी विचारा की यात कोण कोणाला काय शिकवणार आहे. उत्तर "फोटो छान येतील" असं असेल तर तो कार्यक्रम सोडून द्या.

कमिटी निवडताना घाई नको. सेक्रेटरी टीईचा (तिसऱ्या वर्षाचा) असावा, कारण बीईवाले प्लेसमेंट आणि प्रोजेक्टमध्ये अडकतात. एसईचे प्रतिनिधी मात्र डिप्लोमावाल्यांचे प्रवेश पुरे झाल्याशिवाय निवडू नका. थेट दुसऱ्या वर्षाला येणारी ही मुलं कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) संपेपर्यंत येतच असतात, आणि लेथवर हात बसलेला असतो तो त्यांचाच. बारावीवरून आलेल्यांनी तोवर सगळी पदं वाटून घेतली की ही मंडळी पुढची तीन वर्षं मागच्या बाकावरून कार्यक्रम बघतात. खजिनदार गोडबोल्या नसला तरी चालेल, हिशेब त्याच दिवशी लिहिणारा हवा.

वर्षभरात एकच उपक्रम करायचा झाला तर माझं मत इंजिन उघडण्याला. भंगारवाल्याकडून स्प्लेंडरचं जुनं इंजिन आणा. वर्कशॉपच्या मामांना (तिथली अवजारं सांभाळणाऱ्यांना) आदल्या दिवशी स्वतः जाऊन भेटा. पत्र लागतंच, पण मामा "हो" म्हणाले नाहीत तर पुली-पुलरपासून सर्क्लिप प्लायरपर्यंत काहीही "सापडत नाही". शनिवारी दुपारी बसा, एका टेबलाला सहा जणांपेक्षा जास्त नको. टीईच्या मुलाने शेजारी उभं राहायचं, पाना मात्र एसईच्याच हातात. हा नियम मोडू देऊ नका, कारण पाच मिनिटांत सीनियर स्वतः खोलायला लागतो आणि बाकीचे मोबाइल काढतात.

आधी ऑइल काढा. मग एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच भोक पाडून खोचून ठेवा. गल्लीतला मेकॅनिक हेच करतो. हेड आणि सिलिंडर निघाल्यावर गजन पिनची (पिस्टन जोडणाऱ्या पिनची) सर्क्लिप, म्हणजे ती अडकवून ठेवणारी छोटी स्प्रिंगची कडी, काढायच्या आधी क्रॅंककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडात फडकं कोंबा, नाहीतर ती उडून नेमकी आत जाते. सिलिंडर टेबलावर आला की मोजायला सुरुवात करा. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५. स्ट्रोकसाठी पिस्टन आणि सिलिंडर पुन्हा बसवून पिस्टन वर आणि खाली असताना व्हर्नियरचा डेप्थ रॉड (खोली मोजायची दांडी) लावा आणि वजाबाकी करा. सिलिंडरच्या घनफळाच्या सूत्रात घाला, ९७.२ सीसी येतात. गाडीच्या कागदावर असतो तोच आकडा. वर्गात कितीदा तरी लिहिलेलं सूत्र असं हातात येतं, तेव्हा कोपऱ्यातली गप्प मुलगीसुद्धा कॅल्क्युलेटर मागते.

खरी मजा पुढे आहे. मेट्रॉलॉजी (मोजमाप) लॅबचा बोअर गेज, म्हणजे आतला व्यास मोजायचं साधन, आणून वरच्या टोकाजवळ आणि खाली माप घ्या. घासलेल्या सिलिंडरमध्ये वरचं माप सहसा जास्त निघतं. "वरच का?" हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि उत्तर टीईवाल्याने द्यायचं: पिस्टन वर असताना पिस्टन रिंगमागचा दाब आणि तापमान सगळ्यात जास्त, आणि पिस्टन तिथे क्षणभर थांबून उलटा फिरतो म्हणून तेलाचा थर टिकत नाही. सांगताना तो अडखळला तर उत्तम, रात्री पुस्तक उघडेल. मग इंजिन परत जोडा. शेवटी एखादा बोल्ट उरतोच. तो कुठला ते सापडल्याशिवाय वडापाव नाही.

१५ सप्टेंबरचा अभियंता दिन: विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, समई, भाषण, पुष्पगुच्छ. एवढं पंधरा मिनिटांत उरका. विश्वेश्वरय्या पुण्यातच, म्हणजे आजच्या सीओईपीत (पुण्याच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात) शिकले आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसले, हे किती जणांना माहीत आहे ते हात वर करायला सांगून बघा. उरलेल्या वेळात सिव्हिलच्या असोसिएशनबरोबर बसून पाणी चढल्यावर दरवाजा आपोआप कसा उघडत असेल याचं पुठ्ठ्याचं मॉडेल करा. दोन डिपार्टमेंटं एका टेबलाशी बसायचा हा वर्षातला जवळपास एकमेव प्रसंग असतो.

इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी कंपनीला पत्र महिनाभर आधी गेलं पाहिजे. नावांची यादी, ओळखपत्रं, सोबत येणारे शिक्षक, बुटांची सोय, सगळं त्यातच लिहा. चप्पल घालून आलेल्याला गेटवरच थांबवतात आणि मग अख्खी बस खोळंबते. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, तो दिवस ठरवून बसू नका.

पैशांचं सांगते. वर्गणी कोणाच्याही खासगी यूपीआयवर घेऊ नका, मग तो कितीही विश्वासू असो. डिपार्टमेंटचं खातं आणि पावतीपुस्तक वापरा. बिल कॉलेजच्या नावाचं आणि पक्कं हवं. फ्लेक्सवाल्याने चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा अकाउंट्स विभाग परत पाठवतो आणि ते पैसे तुमच्या खिशातून जातात. क्लासवाले स्पॉन्सरशिप द्यायला तयार असतात, पण बदल्यात वर्गाचे फोन नंबर मागतात. ते द्यायचे नाहीत, यावर चर्चा नाही.

आयएसटीई, एसएई किंवा आयट्रिपलई अशा व्यावसायिक संस्थांची विद्यार्थी शाखा काढावी का? काढा, पण तिथली फी, सदस्यसंख्येची अट आणि वार्षिक अहवाल सांभाळायला स्वतंत्र माणूस नेमून. आयट्रिपलईच्या विद्यार्थी शाखेला ठरावीक किमान सदस्य लागतात, आणि ते दर वर्षी नूतनीकरण करणारे हवेत. बाहाची (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवून पळवायच्या एसएईच्या स्पर्धेची) टीम मात्र असोसिएशनपासून वेगळी ठेवा. गाडी मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या ट्रॅकवर न्यायची तर खर्च लाखांत जातो, वर्कशॉप पंचवीस जणांच्या ताब्यात जातं आणि बाकी डिपार्टमेंट टाळ्या वाजवायला उरतं. बाहाला माझा विरोध नाही, पण सगळ्यांच्या वर्गणीवर ती नको.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, तरीही करा. एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या), विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठीच्या टियर-२ च्या जुन्या फॉरमॅटमध्ये व्यावसायिक उपक्रमांना २० गुण होते: सोसायट्या आणि कार्यक्रमांना ५, न्यूजलेटरला ५, बाहेरच्या स्पर्धांना १०. समिती येणार म्हटल्यावर धावपळ करून मागच्या तारखांच्या नोटिसा टाइप करत बसलेली डिपार्टमेंटं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या संध्याकाळीच नोटीस, सह्यांची हजेरी आणि दोन फोटो फाइलला लावून मोकळे व्हा.

आणि सेमिस्टर संपण्याआधी सगळं नव्या कमिटीच्या ताब्यात द्या: कपाटाची किल्ली, शिक्का, पावतीपुस्तक, ईमेलचा पासवर्ड, भंगारवाल्याचा आणि बसवाल्याचा नंबर, आणि यंदा काय जमलं नाही त्याचं एक पान. बीईला गेलेल्या सेक्रेटरीच्या नो-ड्यूजवर (कॉलेजचं काही देणं नाही या दाखल्यावर) माझी सही लागते. ते पान माझ्या टेबलावर आल्याशिवाय मी पेन उघडत नाही.