पार्किंगमधली जुनी २६ इंची एमटीबी परत चालती करताना पैसे कुठे घालायचे

टायर बसलेले, चेन गंजून लाल झालेली, सीटवर कबुतरांची घाण, अशी एक तरी गियरची सायकल प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतेच. माझी तशीच आली. मावसभावाने नवीन २९ इंची घेतली आणि जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, २६ इंची चाकांची, २१ गियर, व्ही-ब्रेकवाली (रिमला रबर घासून थांबवणारे ब्रेक) मला देऊन टाकली. चार वर्षं झाली, तीच घेऊन पुण्याच्या वेताळ टेकडीवर जातो, महिन्यातून एकदा सिंहगड चढतो, आणि खरं सांगतो ती सायकल मला कुठेच कमी पडली नाहीये. "२६चा जमाना गेला" असं कोणी म्हणलं तर मनावर घेऊ नका. १९९६ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग पहिल्यांदा आलं तेव्हा गोल्ड मेडल २६ इंची चाकांवरच आलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे रस्त्याला टेकतं त्यात, थांबवतं त्यात आणि पाय फिरवतं त्यात घाला, बाकीचं आहे तसं राहू द्या.

पण एक रुपयासुद्धा घालायच्या आधी फ्रेम पुसून उजेडात बघा. हँडलखालचा जॉइंट आणि पॅडलजवळचा जॉइंट, या दोन जागी वेल्डिंगच्या कडेने केसासारखी चीर आहे का ते बोटाने चाचपून बघा. असेल तर विषय संपला, दुसरी सायकल शोधा. मग रिम. व्ही-ब्रेक रिमवरच घासतात त्यामुळे वर्षानुवर्षं रिमची भिंत झिजत जाते, स्टीलची पट्टी आडवी लावा आणि मधे खोलगट फट दिसली तर ती रिम बदलायचीच, कारण झिजलेली रिम हवेच्या दाबाने उतारावर फुटू शकते. आणि सीटचा दांडा आधी हलतोय का बघा, नाहीतर ॲल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या फ्रेममध्ये असा धरून बसतो की दुकानवाला पण हात टेकतो. हलत असेल तर लगेच ग्रीस लावून परत बसवा.

आता टायर, इथे माझी एक अख्खी सकाळ गेली. दुकानात जाऊन मी नुसतं "२६चा टायर द्या" म्हणलो, घरी आणला, तासभर झटापट केली, बसेचना. कारण २६ नावाचे टायर दोन-तीन मापांचे असतात. आपल्याकडच्या साध्या सायकलींना २६ गुणिले १ ३/८ येतो, म्हणजे अपूर्णांकवाला, त्याचं आतलं माप ५९० मिलिमीटर. एमटीबीचा २६ म्हणजे दशांशवाला, १.९५ किंवा २.१० असं लिहिलेला, आतलं माप ५५९. तेव्हा जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरात ५०-५५९ असं काहीतरी लिहिलेलं असतं त्याचा फोटो काढून न्या आणि ५५९ हा आकडा दाखवूनच टायर घ्या. आणि मोठ्या गाठींचा टायर दिसायला भारी दिसतो पण आपण टेकडीपर्यंत डांबरीवरूनच जातो ना, मग घूं घूं आवाज करत नुसता दम काढतो. मी १.९५चा, मधे जवळजवळ सपाट आणि कडेला गाठी असलेला घेतला, मुरुमावर पण धरतो आणि रोडवर पण पळतो. हवा मी टेकडीवर ४०च्या आसपास ठेवतो, नुसता रोड असेल तर ५०-५५ पीएसआय, तुमच्या टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत राहा. ट्यूबचा वॉल्व गाडीसारखा असेल तर पेट्रोल पंपावर पण हवा भरता येते.

ब्रेकमध्ये नवीन रबर आणि नवीन केबल, एवढ्यानेच सायकल वेगळी वाटायला लागते, आणि सगळ्यात स्वस्त काम हेच आहे. जुनं रबर दगडासारखं कडक झालेलं असतं. नवीन लावताना रबराचा पुढचा टोक रिमला एक मिलिमीटर आधी टेकेल असं किंचित तिरकं लावा, म्हणजे किंचाळत नाही, आणि ते टायरला कुठेच घासत नाहीये हे बघा. केबलचं बाहेरचं कव्हर ब्रेकचं वेगळं आणि गियरचं वेगळं असतं. गियरच्या कव्हरमध्ये आतल्या तारा सरळ लांबीत असतात, ते ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर फाटू शकतं, त्यामुळे दुकानदार "चालतंय हो" म्हणला तरी लावून घेऊ नका.

मग चेन. एक फुटी स्टीलची पट्टी घ्या, चेन ताणलेली असताना पट्टीचा शून्य एका पिनच्या बरोबर मध्यावर धरा आणि १२ इंचाच्या खुणेपाशी बघा. चेन नवी असेल तर तिथे पिनचा मध्य बरोबर येतो. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला असेल तर चेन बदला. एक सूत गेला असेल तर मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा गठ्ठा, पण गेलं समजा, कारण त्याचे दाते त्या ताणलेल्या चेनप्रमाणे झिजलेले असतात आणि नुसती नवी चेन टाकली की चढावर जोर लावला की सटकते. माझी मी गॅलरीत बसून मोजली तेव्हा सूतभराहून जास्तच निघाली, म्हणजे दोन्ही.

आणि दोन्ही बदलायचंच आहे तर इथे थोडं डोकं लावा, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. माझ्या सायकलला मागे १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील होतं आणि पुढचं छोटं चक्र २८चं. म्हणजे सगळ्यात हलक्या गियरला पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, साधारण २ मीटर. सिंहगडाच्या घाटात वरच्या वळणांवर मला उतरून ढकलावी लागायची. १४ ते ३४चं सात गियरचं फ्रीव्हील टाकलं आणि तोच फेरा १ मीटर ७० सेंटिमीटरवर आला. ऐकायला काहीच नाही वाटत पण त्या दिवशी मी पहिल्यांदा पाय न टेकता वर पोचलो, वाऱ्यात उभं राहून दही खाल्लं, आणि हात अजून थरथरत होते. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ३४ दाते झेपणारा, लांब पिंजऱ्याचा आहे ना ते आधी विचारा. नवी चेन कापताना पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्यावरून डिरेलरमधून न घालता फिरवा आणि वर दोन कड्या जास्त ठेवा. जुनी चेन मोजून तेवढीच कापली तर ती तोकडी पडते. फ्रीव्हील काढायला त्याचा खाचांचा ओपनर लागतो, आणि वर्षानुवर्षं पॅडल मारून ते आवळलेलं असतं त्यामुळे घरी ताकद लावण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे चाक घेऊन जा, त्यांच्या वाइसमध्ये ओपनर धरून चाक फिरवलं की दोन मिनिटांत निघतं. गेलातच आहात तर चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या आणि हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) छर्रे, ग्रीस नवीन घालून घ्या, अख्खं ओव्हरऑइलिंग केलंत तर उत्तमच. पॅडल स्वतः काढणार असाल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा.

डिस्क ब्रेक बसवायच्या नादी मी लागलो नाही. फ्रेमवर कॅलिपर बसवायची जागाच नसते, हब बदला, चाक परत विणा, आणि एवढं करून फ्रेमला तो भार सोसेल की नाही हा प्रश्न राहतोच. लांब ट्रॅव्हलचा, म्हणजे शॉक जास्त दबणारा, नवीन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) पण नको, पुढून सायकल उचलली जाते आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. माझा जुना फोर्क गंजून जाम झाला होता, त्याजागी साधा स्टीलचा रिजिड, म्हणजे बिनशॉकचा, टाकला, पण आधी चाकाच्या एक्सलपासून वरच्या मुकुटापर्यंत जुन्याची उंची मोजली आणि तेवढ्याच उंचीचा, व्ही-ब्रेकचे खुंट असलेला शोधला. सायकल हलकी पण झाली. हँडल बदलायचं असेल तर मधली जाडी मोजा, जुनं बहुतेक २५.४ मिलिमीटर असतं आणि नवीन ३१.८, एक दुसऱ्याच्या स्टेममध्ये (हँडल धरणाऱ्या तुकड्यात) बसत नाही.

आता चालवण्याचं. या सायकली पुढून उभट आणि आखूड असतात, त्यामुळे उतारावर नवीन सायकलवाल्यासारखं बसून राहिलात तर हँडलवरून जाल. उताराच्या आधी थांबून सीट खाली करा, पॅडल आडवे ठेवून उभे राहा, बूड सीटच्या मागे न्या, गुडघे-कोपर सैल. चढाला गियर आधीच हलका करा, जोर लावलेला असताना बदलू नका, आणि सुट्ट्या खडीवर उभं राहून पॅडल मारलं तर मागचं चाक जागेवर फिरतं म्हणून सीटच्या टोकाशी बसून पुढे वाका. घाटात उतरताना ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापते, दाबा सोडा दाबा सोडा असं करत या. पावसात पहिला फेरा तर ब्रेक रिमवरचं पाणीच पुसण्यात जातो, म्हणून वळणाच्या बरंच आधी हलकं दाबायला सुरुवात करा. घरी आल्यावर ती काळी चिखलाची पेस्ट रिमवरून आणि रबरावरून पुसाच, वाळूचे कण रबरात रुतून बसले की तेच रिम खातात.

सगळं नवीन घातल्यावर पहिल्या दोन राइडनंतर केबल थोड्या सैलावतात, लिव्हरपाशी आणि शिफ्टरपाशी गोल स्क्रू असतो तो थोडा थोडा बाहेर फिरवून घ्या. क्रँक, म्हणजे पॅडल ज्याला लागतं तो दांडा, काढला असेल तर त्याचा बोल्ट पण तेव्हाच परत आवळा, सैल क्रँकवर चालवत राहिलं तर त्याचं चौकोनी भोक कायमचं गोल होतं आणि मग अख्खा क्रँक बदलावा लागतो.