अमेरिकेत सेवाकार्यासाठी गाडी चालवता? वजावट अशी घ्या

अमेरिकेत फूड बँकेत, मंदिरात किंवा मंडळाच्या मराठी शाळेत विनामोबदला काम करत असाल, तर त्यासाठी गाडीने केलेल्या प्रवासाला मैलामागे १४ सेंट वजावट करपात्र उत्पन्नातून मिळते. हा दर कायद्यातच लिहिलेला असल्याने १९९८ पासून तेवढाच आहे. व्यवसायाचा दर (२०२५ साठी ७० सेंट) इथे लावू नका. ही चूक फार होते.

सर्वात आधी तुम्ही आयटमाइझ करता का, म्हणजे वजावटी एकेक करून दाखवता का, ते बघा. २०२५ साठी ६५ वर्षांखालच्यांचे स्टँडर्ड डिडक्शन (त्याऐवजी सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) एकट्याला १५,७५० आणि जोडप्याला ३१,५०० डॉलर आहे. घरकर्जाचे व्याज, राज्याचे कर आणि देणग्या मिळून त्यापुढे जात नसतील, तर मैलांचा हिशेब इथेच थांबवा.

मग संस्था तपासा. राज्यात ना-नफा म्हणून नोंदलेले मंडळ पुरत नाही, ५०१(सी)(३) दर्जा, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा, लागतो. आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याच्या) संकेतस्थळावर नाव शोधता येते. भारतातल्या संस्थेचे ८०जी (देणगीवरील करसवलतीचे) प्रमाणपत्र इथे चालत नाही.

प्रवास केवळ सेवेसाठी झालेला हवा. मूल त्याच मराठी शाळेत शिकत असेल आणि त्याला सोडायला तुम्हाला तसेही जावेच लागत असेल, तर तुम्ही तिथे शिकवत असलात तरी ते मैल धरू नयेत. संस्थेने पैसे परत दिले असतील तर वजावट नाही. तुमच्या वेळेचे मोल तर कधीच धरता येत नाही.

नोंद त्याच दिवशी करा: ‘८ मार्च, फूड बँक, खोकी पोहोचवली, जाऊन-येऊन २४ मैल, टोल ३ डॉलर.’ एवढे पुरते. एप्रिलमध्ये रिटर्न भरताना आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकत नाही.

दर न लावता पेट्रोल आणि ऑइलचा खरा खर्चही घेता येतो. समजा वर्षात ९६० मैल झाले: १४ सेंटने १३४.४० डॉलर. गाडी गॅलनला २४ मैल देत असेल आणि पेट्रोल ३.६० डॉलर असेल, तर नुसत्या पेट्रोलचे १४४. म्हणजे जास्त पेट्रोल खाणाऱ्या गाडीला पावत्या जपणे परवडते. गॅलनला ४० मैल देणारीला १४ सेंटच बरे. पार्किंग आणि टोल दोन्ही पद्धतींत वेगळे मिळवा. विमा, दुरुस्ती, घसारा मात्र कशातच नाही.

बेरीज शेड्यूल ए च्या (आयटमाइझ करणाऱ्यांनी रिटर्नसोबत जोडायच्या फॉर्मच्या) ११व्या ओळीत, रोख देणग्यांसोबत जाते. एखादा सुटा खर्च २५० डॉलर किंवा जास्त असेल, तर रिटर्न भरण्याआधी संस्थेकडून लेखी पत्र घ्या. त्यात तुम्ही कोणती सेवा दिली आणि बदल्यात काही मिळाले का, हे असावे.

२०२६ पासून आयटमाइझ करणाऱ्यांच्या एकूण देणग्यांतून एजीआयचा (रिटर्नवरच्या समायोजित एकूण उत्पन्नाचा) अर्धा टक्का आधी वगळला जाईल. दीड लाख डॉलर एजीआय असेल तर पहिले ७५० डॉलर गेले, त्यामुळे इतर देणग्या नसल्यास नुसत्या मैलांतून हाती काही उरणार नाही.