ट्राउटसाठी छोटा, हलका फ्लाय रॉड घेताय? या चुका टाळा

हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे धरायला जायचं ठरलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींचे मेसेज सुरू होतात. सोबत फोटो असतो आणि खाली एक ओळ: "दादा, सहा फुटी आहे, दोन नंबरचा, एकदम क्यूट. घेऊ ना?" (नंबर म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा, त्यावर पुढे बोलू.) मी विचारतो, कुठल्या पाण्यासाठी? यावर उत्तर येत नाही. येतो तो सवलतीचा स्क्रीनशॉट. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. यापुढे हीच लिंक पाठवीन.

मासा छोटा, म्हणून रॉड छोटा

ही माझी सगळ्यात नावडती चूक, तेव्हा तिच्याबद्दल जरा जास्त बोलणार. रॉडची लांबी माशावरून ठरत नाही. ती ठरते तुमच्या मागे किती झाडी आहे आणि समोर किती वेगवेगळ्या वेगाच्या धारा आहेत यावरून. मागे, डोक्यावर झाडी दाटलेली असेल तर आखूड रॉड. मोकळी नदी आणि मध्ये खडक असतील तर लांब. मासा वीतभर असो की हातभर.

व्हिडिओत दिसणारे साडेसहा फुटी रॉड बहुतेक अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांतले असतात. तिथे ऱ्होडोडेंड्रॉनच्या बोगद्यांतून वाहणारे, उडी मारून ओलांडता येतील असे ओढे आहेत. तिथे आखूड रॉडला पर्याय नाही. तीर्थन नदीचं मुख्य पात्र तसं अजिबात नाही. ते रुंद आहे, गोटे-खडकांनी भरलेलं आहे आणि प्रत्येक खडकाच्या मागे एक संथ खिसा आहे. ब्राउन ट्राउट त्या खिशात बसतो. तुम्ही आणि तो यांच्यामध्ये मात्र एक-दोन जोरदार धारा पळत असतात.

एका एप्रिलमध्ये तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या खाली, नागिणीच्या बाजूला, पुण्याचा एक तरुण आमच्यासोबत होता. सहा फुटी फायबरग्लास, दोन नंबर, कॉर्कची मूठ चकचकीत. बर्फ वितळायला लागलं होतं, पाणी हिरवट आणि चढं. पठ्ठ्याचा नेम चांगला होता. फ्लाय (गळावर बांधलेला नकली किडा) बरोबर खडकामागे पडायची. पण पडल्या क्षणी लाइन मधल्या धारेवर आडवी व्हायची, तिला पोट यायचं आणि फ्लाय मोटारबोटीसारखी ओढली जायची. ट्राउट असल्या फ्लायकडे ढुंकून बघत नाही. याने काय करावं? फ्लाय बदलली. मग परत बदलली. दुपारपर्यंत डबीतला प्रत्येक खण उघडून झाला आणि निष्कर्ष निघाला, "इथे मासेच उरले नाहीत."

आमचा तिथला वाटाड्या इतका वेळ खडकावर बसून बघत होता. तो उठला, माझा नऊ फुटी रॉड घेतला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि रॉडचं टोक उंच धरून लाइन धारेच्या वरच्या वर उचलून ठेवली. पाण्याला टेकला फक्त लीडरचा, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेल्या बारीक धाग्याचा, शेवटचा भाग. फ्लाय त्या खिशात जागच्या जागी गोल फिरत राहिली. "सर, मक्खी ठीक है। लाइन उठाओ," एवढंच म्हणाला. दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला त्याच खडकामागून दीड वीत लांबीचा पिवळाजर्द, लाल ठिपक्यांचा ब्राउन निघाला. मासे होते. मधली तीन फुटांची पोहोच नव्हती.

हे सांगितल्यावर लगेच प्रश्न येतो, "मग आखूड रॉड घेऊच नको का?" घ्या की. गुशैणीला फलाचण नदी तीर्थनला मिळते. तिच्यात आणि वरच्या बारक्या नाल्यांमध्ये काही पट्टे खरंच असे आहेत की मागे हात नेला की फ्लाय फांदीत. तिथे मी साडेसात फुटी, चार नंबर वापरतो. त्याहून आखूड मी घेत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. कारण झाडीत फेक मागे न नेता रोल कास्ट करायची असते (लाइन पाण्यावरूनच पुढे लोळवायची), किंवा फ्लाय चिमटीत धरून रॉड धनुष्यासारखा वाकवून सोडायची असते. या दोन्हींना रॉडची लांबी मदतच करते. आखूड रॉडने झाडीतली अडचण सुटते असं वाटतं, प्रत्यक्षात ती फेक शिकल्याने सुटते. पण शिकायला वेळ लागतो आणि रॉड मात्र उद्या घरपोच येतो!

एकच रॉड घ्यायचा असेल तर आठ फुटी, चार नंबर. संपला विषय.

"प्रवासात बरा पडतो"

रॉडची लांबी आणि पिशवीतली लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नऊ फुटी रॉड चार तुकड्यांचा असेल तर घडी साधारण 28 इंचांची होते. सात फुटी रॉड दोन तुकड्यांचा असेल तर 42 इंचांच्या वर जाते. आता सांगा, औटच्या बोगद्याशी बसमधून उतरून बंजारच्या गाडीत कोंबताना कुठला सोयीचा? लांबीच्या आधी तुकडे मोजा.

"हलका" म्हणजे नेमकं काय, हे न कळणं

जाहिरातीतलं "लाइटवेट" म्हणजे रॉडचं वजन असं नवशिक्यांना वाटतं. सात फुटी ग्लासचा रॉड आणि नऊ फुटी चांगला कार्बनचा रॉड काट्यावर ठेवा, फार फरक सापडणार नाही. कधीकधी लांबडाच हलका भरतो. रॉडवर छापलेला नंबर लाइनच्या वजनाचा असतो. लाइनच्या पुढच्या 30 फुटांचं वजन मोजून तो ठरवतात: तीन नंबर म्हणजे 100 ग्रेन (वजनाचं जुनं एकक), चार म्हणजे 120, पाच म्हणजे 140. ग्रॅममध्ये तीन नंबर जेमतेम साडेसहा, पाच नंबर नऊच्या आसपास. फ्लायला स्वतःचं वजन जवळपास नसतंच. जे काय फेकलं जातं ते हे साडेसहा ग्रॅम.

ओढ्यावर 30 फूट लाइन बाहेर असते असं धरून चालणं

इथे खरी गंमत आहे. नाल्यात मासा तुमच्यापासून वीसेक फुटांवर असतो. त्यातले सात-आठ फूट लीडरचे, काही रॉडच्या पोहोचेचे. म्हणजे टोकाबाहेर लाइन असते आठ-दहा फूट, तीही पुढची निमुळती, बारीक होत गेलेली. 100 ग्रेन ज्या रॉडला वाकवायला हवेत, त्याला तुम्ही तिसराही हिस्सा देत नाही. वर तो रॉड "फास्ट अ‍ॅक्शन", म्हणजे फक्त टोकाशी वाकणारा. मग तो वाकतच नाही. काठी हलवल्यासारखं वाटतं, लाइन पायाशी गोळा होते आणि माणूस दुप्पट जोर लावतो. जोर लावला की लीडरला आपोआप गाठी, ज्यांना वाऱ्याच्या गाठी म्हणतात. गाठी आल्या की शिव्या.

एक मित्र सात फुटी, तीन नंबरचा कार्बनचा रॉड घेऊन आला होता, "फास्ट" असल्याचं दोनदा सांगून. दिवसभर खांदा दुखवून घेतला. संध्याकाळी होमस्टेच्या अंगणात माझ्या रीलवरची चार नंबरची लाइन त्याच्या रॉडला लावून दिली. फरक त्याला तिसऱ्या फेकीला कळला, आणि मला त्याचा चेहरा बघून. दुकानदाराने त्याला हे सांगितलं नव्हतं. दुकानदाराला तरी माहीत होतं का, देव जाणे.

तेव्हा जवळच्या फेकींसाठी एकतर मूठीपर्यंत वाकणारा मऊ रॉड घ्या (ग्लास इथे खरोखर कामाचा आहे) किंवा कडक रॉडवर एक नंबर जड लाइन चढवा. दोन्ही एकदम करू नका, रॉड ओल्या पास्त्यासारखा लोंबतो. आणि दुकानात रॉड हवेत हलवून "फील मस्त आहे" म्हणणं बंद करा. लाइन न लावता रॉड कळत नाही. दुकानदार लाइन लावून देत नसेल तर दुसरं दुकान.

दोन नंबरच्या रॉडला जड निम्फ बांधणं

टंगस्टनचे मणी लावलेल्या दोन निम्फ (पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लाय), वर मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता फुगा, आणि हे सगळं फेकायला साडेपाच ग्रॅमहून हलकी लाइन! त्यात डोंगरी खोऱ्यात दुपारी वारा खालून वर वाहतो, तुम्ही खाली तोंड करून उभे असलात तर सगळं थेट तोंडावर. मणी रॉडच्या टोकावर आपटला तर कार्बनला बारीक चीर जाते. ती दिसत नाही आणि पुढच्या मोठ्या माशाला टोक तुटतं. मग कंपनीला शिव्या. हलका रॉड हवा असेल तर कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लाय आणि बिनमण्यांच्या छोट्या निम्फ, बस्स.

आता उरलेल्या चुका पटापट.

आखूड रॉडला नऊ फुटी लीडर लावू नका. जोडाची गाठ सारखी रिंगांमध्ये अडकते. साडेसात फूट पुरे, टोकाची जाडी 5एक्स.

रीलवर पैसे उधळू नका. ओढ्यातल्या ट्राउटसाठी रील म्हणजे लाइन ठेवायची जागा.

तुकड्यांचे सांधे दर तासाला हाताने चाचपा. सैल झालेल्या सांध्यावर फेक केली की तो तिथेच फाटतो. अडकले तर पक्कड नको. रॉड गुडघ्यांमागे धरा, हात गुडघ्यांच्या बाहेर, आणि गुडघे फाकवत सरळ ओढा.

मासा काठाशी आल्यावर रॉड उभा करून उचलू नका, जाळी वापरा. रॉड माशाने कमी आणि गाडीच्या दाराने, छताच्या पंख्याने जास्त तुटतात.

एक-दोन नंबरवर मासा "मजेत खेळवत" बसू नका. सोडायचाच आहे ना? मग रॉड आडवा करून दाब द्या, लवकर आणा, ओल्या हाताने धरा, गळाचा काटा बिनखाचेचा ठेवा.

आणि खरेदीची वेळ. हिमाचलात ट्राउटचा हंगाम 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असतो. रॉड घ्यायचा तो याच काळात. लीडरच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा, सोसायटीच्या मैदानात 20 फुटांवर एक ताटली ठेवायची आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ त्यावर नेम धरायचा. शेजारी हसतात, हसू द्या. निघायच्या आदल्या आठवड्यात रॉड मागवून नदीकाठी पॅकिंग फोडणाऱ्यांनी मला फोन करू नये. मी तेव्हा पाण्यात असतो आणि तिथे रेंजही नसते.